आलेख उघडत नाही तेव्हा

विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ तरुणपणी बर्मिंगहॅमला जेम्स वॅटच्या हाताखाली यंत्रांचे आराखडे काढण्याचे काम करीत असे. वाफेच्या यंत्राचा तोच हा वॅट. पुढे १७८६ साली या प्लेफेअरने लंडनमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात इंग्लंडचा परदेशांशी चाललेला व्यापार चढत्या-उतरत्या रेघांनी दाखविला. आज वर्तमानपत्रांच्या पानापानांवर दिसणारा जो आलेख, त्याचा आरंभ बहुतेक जाणकार याच पुस्तकापासून धरतात. पुस्तक सिद्ध होत असताना वॅटने आपल्या या जुन्या मदतनिसाला एक सल्ला दिला होता, आणि तो व्यवहारी मनुष्याला शोभेल असाच होता. ज्या कोष्टकांवरून ही चित्रे काढली ती कोष्टकेही सोबत छापावीत. नाहीतर लोक सहजच विचारतील की ही माहिती तुम्ही आणली कोठून.

दोन शतकांनंतर संगणकाने हा सल्ला आपल्या परीने अमलात आणला आहे. कोणी व्याख्याता पडद्यावर एकामागून एक पाने दाखवीत असतो. त्यांना आपण आता स्लाइड असेच म्हणू. त्या स्लाइडवर आलेख असतो. त्यावर टिचकी मारून 'एडिट डेटा' असे सांगितले, किंवा आलेख जुन्या धर्तीचा असला तर लागोपाठ दोन टिचक्या मारल्या, की चित्रामागचे कोष्टक उघडावे अशी सोय केलेली आहे. म्हणजे पुढे चित्र आणि पाठीशी हिशोब. मात्र नेमक्या ऐन सभेत, कोणी एखादा आकडा विचारावा, व्याख्यात्याने टिचकी मारावी आणि कोष्टकाऐवजी पडद्यावर एक चौकट उमटावी, की जोडलेली फाइल उपलब्ध नाही, हा अनुभव इंदूरच्या पतपेढीपासून बेंगळुरूच्या कारखान्यापर्यंत पुष्कळांनी घेतला असेल. चित्र तर समोर दिसत असते, मग नाही ते काय, असा प्रश्न अशा वेळी मनुष्याला पडतो. आजचे भाषण त्या प्रश्नाविषयी आहे.

प्रथम या सोयीचा थोडा इतिहास सांगतो. स्लाइडा तयार करण्याचा पॉवरपॉइंट हा कार्यक्रम १९८७ साली अमेरिकेत फोरथॉट नावाच्या एका लहानशा कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी विक्रीस आणला. रॉबर्ट गॅस्किन्स हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. १९९० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने आणखी एक युक्ती काढली. एका कार्यक्रमात तयार केलेली वस्तू दुसऱ्या कार्यक्रमाच्या कागदात ठेवावयाची, आणि तिला हात लावला की मूळ कार्यक्रमाने धावत यावयाचे. स्लाइड एकाची, आलेख दुसऱ्याचा. पुष्कळ वर्षे हा आलेख 'मायक्रोसॉफ्ट ग्राफ' नावाचा एक छोटा सोबती कार्यक्रम काढून देत असे. २००७ सालच्या आवृत्तीपासून ते काम एक्सेलकडे आले. दोन घरांत वाटलेला हा संसार आहे, आणि भांड्याला भांडे लागते ते तेथेच.

आता स्लाइडवर आलेख तीन रीतींनी येऊ शकतो. घरातील दागिन्यांचे उदाहरण घेऊ. दागिने आपल्याच कपाटात ठेवता येतात. आपण घर बदलले तर कपाटाबरोबर तेही येतात. आलेखाचे कोष्टक स्लाइडांच्या फाइलीच्या पोटातच ठेवणे हा असा प्रकार. दुसरी रीत बँकेच्या लॉकरची. दागिने तेथे, आणि घरी फक्त लॉकरचा क्रमांक आणि बँकेचा पत्ता. येथे कोष्टक स्वतंत्र फाइलीत राहते आणि स्लाइडीपाशी असतो तो केवळ त्याचा दुवा. तिसरी रीत म्हणजे दागिने घालून काढलेले छायाचित्र. ते भिंतीवर शोभते, पण त्यातील पाटली काढून हातात घालता येत नाही. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात, आणि घोटाळ्याला आरंभ होतो तो यामुळेच.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक्सेलमधून आलेख उचलून पॉवरपॉइंटात नेहमीच्या रीतीने चिकटविला तर तो सामान्यतः दुवा होऊन येतो. आपण समजतो, दागिने कपाटात आले. प्रत्यक्षात आला असतो तो लॉकरचा पत्ता. चिकटविताना बाजूला पाच बारीक चित्रे दिसतात आणि त्यांत कोष्टक पोटात घेण्याचा, दुवा जोडण्याचा आणि नुसते चित्र ठेवण्याचा पर्याय असतो. त्या चित्रांकडे क्षणभर पाहिले असते तर पुढची निम्मी दुखणी टळली असती.

दुवा हा पत्त्यासारखा असतो, असे मी म्हटले. पत्ता बदलला की पत्र परत येते. कोष्टकाच्या फाइलीचे नाव बदलले, ती दुसऱ्या फोल्डरात हलविली, कार्यालयातल्या संगणकावर ती राहिली आणि स्लाइडा तेवढ्या पेनड्राइव्हवर घेऊन आपण सभेला गेलो, की दुवा तुटलाच. दोन्ही फायली पेनड्राइव्हवर असल्या तरी सुटका होईलच असे नाही. कारण एका संगणकावर त्या पेनड्राइव्हला 'ई' हे अक्षर मिळते, तर दुसऱ्यावर 'एफ', आणि पत्त्यात ते अक्षरही लिहिलेले असते. यावरचा इलाज मात्र सोपा आहे. 'फाइल' या यादीत 'इन्फो' मध्ये गेले म्हणजे उजव्या हाताला खालच्या बाजूस 'एडिट लिंक्स टू फाइल्स' अशी ओळ दिसते. फाइलीत एकही दुवा नसेल तर ही ओळ दिसतच नाही, आणि हीसुद्धा एक उपयुक्त परीक्षाच आहे. तेथे प्रत्येक दुव्याचा पत्ता वाचता येतो आणि 'चेंज सोर्स' म्हणून नवा पत्ता देता येतो. सभेच्या जागी, सभेच्याच संगणकावर, लोक येण्यापूर्वी दहा मिनिटे हे पाहून घेतले तर पुढची फजिती होत नाही.

सर्वच वेळी दोष दुव्याचा असतो असे नाही. ई-पत्राने आलेली फाइल प्रथम संरक्षित अवस्थेत उघडते, आणि वरच्या पिवळ्या पट्टीवरील 'एनेबल एडिटिंग' हे बटन दाबेपर्यंत तीत काहीच बदलता येत नाही. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल असेल तर ते बटन न दाबणेच शहाणपणाचे. कधी एक्सेलचेच दार अडलेले असते. त्यात आधीच एखादी फाइल उघडी असून कोणी एका रकान्यात अर्धवट लिहून ठेवलेले असले, किंवा एखादी प्रश्नाची चौकट उत्तराची वाट पाहात मागे दडलेली असली, तर एक्सेल दुसऱ्या कोणाची हाक ऐकत नाही. मूळ कार्यक्रम सापडत नाही असा संदेश आला की लोक घाबरून सारे नव्याने बसवावयास निघतात. प्रथम एक्सेलची खिडकी पुढे आणून पाहावी, एन्टर किंवा एस्केप दाबावे, पुष्कळदा तेवढ्याने भागते. आणि ज्या संगणकावर एक्सेल मुळातच बसविलेले नाही तेथे कितीही टिचक्या मारल्या तरी कोष्टक उघडावे कोणी? जुन्या 'ग्राफ' कार्यक्रमातील आलेख नव्या आवृत्तीत उघडताना रूपांतर करू का, असा प्रश्न विचारला जातो. होकार देण्यापूर्वी फाइलीची एक प्रत बाजूला ठेवावी. रूपांतरात रंग आणि अक्षरांची ठेवण बदलते, आणि ती पूर्ववत करणे जिकिरीचे असते.

हे सारे तांत्रिक झाले, आणि श्रोत्यांपैकी कोणी म्हणतील की चित्र दिसते आहे ना, मग आकडे उघडले नाहीत म्हणून एवढे काय बिघडते? त्याचे उत्तर मी राहतो त्या बेंगळुरू शहरातील एका सभेवरून देतो.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून येथे आणावे लागते, आणि जेथे तो नळ पोचलेला नाही तेथे कूपनलिका आणि टँकर यांवर भिस्त. २०२४ च्या मार्च महिन्यात शहरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. टँकरवाल्यांनी अडवणूक मांडली, तेव्हा १२,००० लिटरच्या टँकरला पाच किलोमीटरच्या आत १,००० रुपये असा दर जिल्हा प्रशासनाला बांधून द्यावा लागला. त्या महिन्याच्या मध्यावर, एका रविवारी, शहराच्या पूर्वेकडील एका वसाहतीत रहिवाशांची सभा भरली होती. कानडी, तमिळ, तेलुगू, बंगाली आणि आम्ही चारदोन मराठी, असा तो मेळा होता. नवी कूपनलिका खणण्यासाठी प्रत्येक घरामागे वर्गणी काढावयाची की नाही, हा प्रश्न. चिटणिसांनी पडद्यावर एक स्तंभालेख दाखविला: दर महिन्यास किती टँकर आले. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत स्तंभ चढत गेले होते आणि मार्चचा स्तंभ मात्र खाली उतरला होता. सभेत सुटकेचा निःश्वास ऐकू आला. संकट ओसरू लागले आहे, आता कूपनलिकेचा खर्च कशाला, असे एक गृहस्थ म्हणाले आणि माना डोलल्या.

मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. मूळच्या बेळगावच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी उभ्या राहून विचारले, "मार्चचा आकडा नक्की किती? आणि तो कोणत्या तारखेपर्यंतचा?" चिटणिसांनी आलेखावर टिचकी मारली, आणि फाइल उपलब्ध नसल्याची ती चौकट उमटली. कोष्टक वसाहतीच्या कार्यालयातील संगणकावर होते, कार्यालयाला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्यापाशी तो व्यवस्थापक गावी गेलेला. आता मत घ्यावे, असे कोणी सुचविलेही. तेवढ्यात त्या बाईंच्या नातीने, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने, चिटणिसांच्या परवानगीने त्या फाइलीची एक प्रत काढली आणि पाचएक मिनिटे तीत डोके घातले. "आजी, कोष्टक नाही मिळालं, पण आकडे मिळाले," ती म्हणाली. फेब्रुवारीचे टँकर २१२, मार्चचे १३१. बाईंनी फाटकावरून रखवालदाराची नोंदवही मागविली आणि बोट ठेवून मोजले. १४ तारखेच्या रात्रीपर्यंत बरोबर १३१ टँकर आत आले होते. तो स्तंभ अर्ध्या महिन्याचा होता! त्याच गतीने सारा महिना धरला तर संख्या २९० च्या घरात जात होती. पाणी कमी लागत नव्हते, महिना संपावयाचा होता. कूपनलिका खणावी की नाही यावर पुढे दोन सभा झाल्या आणि वादही पुष्कळ झाला. पण पाणी वाढते आहे या समजुतीवर निर्णय झाला नाही, एवढे खरे.

त्या मुलीने काय केले ते सांगण्यासारखे आहे, कारण ते कोणालाही करता येते. २००७ सालापासूनची पॉवरपॉइंटची फाइल ही वस्तुतः एक बंद गाठोडे असते. अनेक लहान फायली दाबून एकत्र बांधलेल्या. फाइलीची प्रत काढावी, तिच्या नावाच्या शेवटी असलेले 'पीपीटीएक्स' हे अक्षरचिन्ह खोडून 'झिप' लिहावे, की गाठोडे सुटते. विंडोजमध्ये ही शेवटची अक्षरे पुष्कळदा लपविलेली असतात. ती आधी दिसतील अशी व्यवस्था करून घ्यावी. आत 'पीपीटी' नावाचे फोल्डर असते आणि त्यात 'एम्बेडिंग्ज' नावाचे दुसरे. कोष्टक पोटात ठेवलेले असेल तर ते अख्खे येथे सापडते. बाहेर काढून एक्सेलमध्ये थेट उघडावे, आणि ते दुखावलेले असेल तर एक्सेलच्या 'ओपन अँड रिपेअर' या सोयीने उघडून पाहावे. दुवा असेल तर कोष्टक येथे नसते. तथापि शेजारच्या 'चार्ट्स' फोल्डरात प्रत्येक आलेखाची एक मजकुराची फाइल असते, आणि जे आकडे वापरून शेवटचे चित्र काढले गेले ते तीत टिपून ठेवलेले असतात. चिन्हांच्या दाटीतून ते वेचावे लागतात, पण ते वाचता येतात. लॉकरची किल्ली हरवली तरी दागिन्यांची यादी घरात राहावी, तसे हे आहे. आलेख जुन्या पद्धतीने, 'पेस्ट स्पेशल' मधून, एक्सेलची वस्तू म्हणून जोडलेला असेल तर मात्र ही यादीही मिळत नाही, नुसते चित्र हाती राहते.

आकडे उघडून पाहण्याची ही निकड आमच्या वसाहतीपुरती नव्हे. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की देशाची वाढ खुंटते, असा त्याचा आशय होता, आणि युरोप-अमेरिकेतील काटकसरीच्या धोरणांचे समर्थन करताना पुढाऱ्यांनी त्याचा हवाला दिला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणारा थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी ते गणित पुन्हा करून पाहात होता. ते काही केल्या जुळेना. अखेर लेखकांनी त्याला आपले मूळ एक्सेलचे कोष्टक पाठविले. २०१३ साली त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी दाखवून दिले की सरासरी काढताना सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटून गेल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. इतरही आक्षेप होते, आणि त्यांचे वजन या चुकीहून अधिक होते. लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. वादाचा निकाल काही लागो, त्या कोष्टकाचे दार उघडले नसते तर वादच उभा राहिला नसता. मूळ लेखकांनी ते स्वतः होऊन दिले, हे त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे.

येथवर मी उघडण्याची बाजू मांडली. दुसरीही बाजू आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. आलेख पोटात ठेवला की त्याच्याबरोबर केवळ त्या सहा ओळी येत नाहीत. सारे वर्कबुक येते, त्याच्या सर्व पानांसह. विक्रीचा आलेख चिकटवावा आणि त्याच वर्कबुकाच्या चौथ्या पानावर नोकरांचे पगार असावेत, मग ती स्लाइड गिऱ्हाइकाला ई-पत्राने जावी, असे सहज घडू शकते. पान लपवून ठेवले म्हणजे ते नाहीसे होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात एक लपलेले पान राहून गेले होते, आणि त्यावर दलातील ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. ज्या प्रदेशात पोलिसाला स्वतःचा पेशा शेजाऱ्यापासूनही लपवावा लागतो तेथे हे घडले. काही तासांनी ते पान मागे घेण्यात आले, पण तोवर ते जगाने पाहिले होते. म्हणून फाइल घराबाहेर जावयाची असेल तर आलेखापुरत्या आकड्यांचे वेगळे, लहान वर्कबुक करावे आणि तेच पोटात ठेवावे. आकडे मुळीच द्यावयाचे नसतील तर सरळ चित्र चिकटवावे, आणि खाली आकडे कोठले व कोणत्या तारखेपर्यंतचे हे एका ओळीत लिहावे. वॅटचे समाधान एवढ्यानेही झाले असते, असे मला वाटते.

मराठी आलेखांची एक खास अडचण सांगून थांबतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी आपल्या कार्यालयांतून आणि शाळांतून निरनिराळ्या छापखानी फॉण्टांत मराठी लिहिली जाई. त्या व्यवस्थेत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असत. फॉण्ट फक्त त्यांना देवनागरीचा वेष चढवीत असे. वीस वर्षांपूर्वीचा असा आलेख आज उघडला, त्याचे रूपांतर झाले, आणि तो फॉण्ट या संगणकावर नसला, तर 'पाऊस' आणि 'ज्वारी' यांच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. फाइल बिघडली असे समजून ती टाकून देऊ नये. आकडे सहीसलामत असतात. तोच फॉण्ट मिळवून बसविला तर शब्द परत दिसतात. पण ते तेवढ्याच संगणकापुरते. कायमचा उपाय हवा असेल तर कोष्टकातील नावे युनिकोडमध्ये पुन्हा लिहावीत. ती आलेखावर नव्हे, कोष्टकात लिहावीत, म्हणजे आलेख आपोआप सुधारतो. एका सामान्य आलेखाला बारा महिन्यांची नावे आणि चार पिकांची. अर्ध्या तासाचे काम आहे.